श्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण ?

अमेरिकेंत हिवाळा लागला, कीं बेसबॉलचीं मैदानें ओस पडतात. पण बेसबॉल मात्र बंद पडत नाहीं. मैदानावरून उठून तो घरांतल्या आणि दुकानांतल्या शेगड्यांभोवतीं जाऊन बसतो. बर्फ वितळेपर्यंत चालणाऱ्या ह्या वादविवादांना त्या देशांत 'तापल्या शेगडीचे सामने' अशा अर्थाचें नांवच पडलेलें आहे. ह्या सामन्यांना पंच नसतो, वेळेची मर्यादा नसते, आणि हार तर कोणीच कबूल करीत नाहीं. तेथें पिढ्यान्‌पिढ्या घोळले गेलेले दोन प्रश्न फार जुने आहेत. आजवरचा श्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण, हा एक. आणि खेळाच्या सर्व अंगांत पारंगत असा अष्टपैलू खेळाडू कोण, हा दुसरा. वरवर पाहतां हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु, श्रोतेहो, ह्या वादाच्या पोटांत असा एक प्रश्न दडलेला आहे, कीं तो केवळ खेळाचा नव्हे; तो न्यायाचा आहे.

प्रथम शॉर्टस्टॉप म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. बेसबॉलचें मुख्य अंगण म्हणजे नव्वद फूट बाजूचा एक चौकोन. त्याच्या एका कोपऱ्यांत फलंदाज उभा असतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांना अनुक्रमें पहिला, दुसरा व तिसरा बेस म्हणतात. चेंडू मारल्याबरोबर फलंदाजानें पहिल्या बेसकडे धांवत सुटावयाचें, आणि जमिनीवरून आलेला चेंडू त्याच्या आधीं तेथें पोंचला तर तो बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान, कोणत्याच बेसला न चिकटतां, जो क्षेत्ररक्षक उभा असतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हातानें खेळणाऱ्याचा जोरकस फटका स्वाभाविकपणेंच ह्या बाजूस येतो. क्रिकेटमध्यें चेंडू अडविला, कीं क्षेत्ररक्षकाचें निम्म्याहून अधिक काम झालें. येथें अडविणें ही केवळ सुरुवात होय. चपळ खेळाडू चार सेकंदांहून थोड्याच अधिक वेळांत पहिला बेस गांठतो. तेवढ्यांत शॉर्टस्टॉपनें उसळत येणारा चेंडू हेरावा, त्याच्याकडे झेपावावें, तो हातमोज्यांत घ्यावा, तोल सांवरावा आणि शंभराहून अधिक फुटांवर बिनचूक फेकावा. एक क्षण दवडला तर सारे श्रम फुकट. म्हणूनच संघांतला सर्वांत चपळ गडी ह्या जागीं उभा करतात. आणि म्हणूनच, बॅट चालविण्यांत तो थोडा उणा असला तरी त्याला क्षमा केली जाते.

वादाचें मूळ येथेंच आहे. ज्या जागेचें खरें काम हातमोज्याचें, तेथील श्रेष्ठत्व बॅटीनें मोजावें काय ?

हातमोज्याचा पक्ष घेणारे ऑझी स्मिथचें नांव पुढें करतात. 1978 ते 1996 असे एकोणीस हंगाम तो खेळला. त्यांतले बहुतेक सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघाकडून. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीं दिलें जाणारें 'गोल्ड ग्लोव्ह' हें पारितोषिक त्यानें 1980 पासून 1992 पर्यंत सलग तेरा वर्षें मिळविलें. आपल्या पहिल्याच हंगामांत तो एका चेंडूवर झेपावला असतां चेंडू वेडावांकडा उसळला. त्याच झेपेंत त्यानें उघड्या हातानें तो टिपला आणि उठतां उठतां पहिल्या बेसवर फेकून फलंदाजास बाद केलें. हा प्रसंग चित्रफितींतून आजही पुन्हां पुन्हां दाखविला जातो. पण ह्याच स्मिथच्या बॅटीनें एकोणीस हंगामांत मिळून अवघे 28 होम रन काढले.

उलटपक्षीं, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्झनें 2002 च्या एकाच हंगामांत, टेक्सस रेंजर्सकडून शॉर्टस्टॉपच्या जागीं खेळून, 57 होम रन मारले. आणि त्याच वर्षीं गोल्ड ग्लोव्हही मिळविला. आंकड्यांच्या दृष्टीनें पाहतां वाद येथेंच मिटावा. परंतु 2001 ते 2003 ह्या वर्षांत आपण निषिद्ध औषधें घेत होतों, अशी कबुली त्यानें 2009 सालीं स्वतःच दिली. आणि पुढें 2014 चा सबंध हंगाम अशाच कारणास्तव त्याला खेळण्याची बंदी झाली. आंकडा कोणत्या मार्गानें आला, हें विचारल्यावांचून त्याची किंमत करतां येत नाहीं, हा धडा ह्या प्रकरणानें दिला.

तिसरा पक्ष चिकाटीचा. बाल्टिमोर ओरिओल्सचा कॅल रिपकेन सहा फूट चार इंच उंचीचा. एवढ्या थोराड देहाच्या माणसानें ही जागा संभाळावी, हें पूर्वीच्या जाणत्यांस पटलें नसतें. पण त्यानें ती संभाळली. इतकेंच नव्हे, तर 1982 च्या मे महिन्यापासून 1998 च्या सप्टेंबरपर्यंत एकही सामना न चुकवितां तो सलग 2,632 सामने खेळला. त्यांतले शेवटचे दोन हंगाम सोडले, तर बहुतेक सारे शॉर्टस्टॉपच्याच जागीं. लू गेरिगचा 2,130 सामन्यांचा जुना विक्रम 6 सप्टेंबर 1995 रोजीं मोडला, तेव्हां खेळ थांबला आणि प्रेक्षक वीस मिनिटांहून अधिक वेळ उभे राहून टाळ्या वाजवीत होते. रोज कामावर हजर राहणें हाही एक पराक्रम असूं शकतो, हें त्या दिवशीं साध्या कामकरी माणसांना फार आवडलें.

न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जेटरची कथा आणखी निराळी. 1995 ते 2014 ह्या काळांत त्यानें 3,465 यशस्वी फटके मारले, आणि त्याच्या संघानें पांच वेळां जागतिक मालिका जिंकली. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत 2020 सालीं त्याची निवड झाली, तेव्हां 397 पैकीं 396 मतें त्याला पडलीं. तरीही, इतर शॉर्टस्टॉप सहज गांठतील असे पुष्कळ चेंडू त्याच्या आवाक्याबाहेर जात, असें अभ्यासकांनीं एकेका चेंडूचा हिशोब मांडून दाखविलें. डोळ्यांना जें मोहक दिसलें, तें हिशोबांत उणें भरलें. विश्वास डोळ्यांवर ठेवावा, कीं हिशोबावर ? शेगडीभोवतीं हा वाद अद्याप धगधगत आहे.

इतके सारे उमेदवार पुढें येतात. परंतु वाद कोठूनही सुरू झाला, तरी बहुधा एकाच नांवापाशीं येऊन थांबतो. तें नांव म्हणजे होनस वॅग्नर.

हा जर्मन स्थलांतरिताचा मुलगा. 1874 सालीं पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या मुलखांत जन्मला आणि लहानपणींच खाणींत कामाला लागला. पाय धनुष्यासारखे वांकडे, छाती रुंद, हात प्रचंड. चेंडूबरोबर मूठभर माती आणि खडेही तो पहिल्या बेसकडे फेकतो, अशी त्याची थट्टा होत असे. पण ह्या ओबडधोबड दिसणाऱ्या माणसानें 1897 ते 1917 ह्या एकवीस हंगामांत, विशेषतः पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडून, आठ वेळां नॅशनल लीगमधील फलंदाजीचा पहिला क्रमांक मिळविला. चेंडू मारण्याच्या दर हजार संधींपैकीं सुमारें 328 वेळां त्याचा फटका यशस्वी झाला. आणि सातशेहून अधिक वेळां त्यानें प्रतिपक्षाची नजर चुकवून पुढचा बेस 'चोरला'. 1909 सालच्या जागतिक मालिकेंत डेट्रॉइटचा टाय कॉब, म्हणजे त्या काळचा सर्वांत धगधगता खेळाडू, त्याच्यासमोर होता. कॉब बावीस वर्षांचा, वॅग्नर पस्तीस वर्षांचा. त्या मालिकेंत वॅग्नरची सरासरी हजारीं 333 झाली, कॉबची 231. वॅग्नरनें सहा बेस चोरले, आणि विजय पिट्सबर्गचा झाला. 1936 सालीं कीर्तिमंदिरासाठीं पहिलें मतदान झालें, तेव्हां वॅग्नरला आणि बेब रूथला अगदीं सारखीं, प्रत्येकीं 215 मतें पडलीं.

वॅग्नरच्या नांवाशीं दुसरा प्रश्नही येऊन मिळतो. कारण तो केवळ शॉर्टस्टॉप नव्हता. यष्टिरक्षकासारखी जी कॅचरची जागा, ती एक सोडली, तर मैदानावरील प्रत्येक जागीं तो केव्हां ना केव्हां खेळला होता. अष्टपैलुत्वाचीं पांच अंगें अमेरिकन लोक मानतात : सातत्यानें फटका मारणें, जोरानें मारणें, धांवणें, फेकणें आणि चेंडू अडविणें. हीं पांचही अंगें समतोल कोणांत होतीं, असें विचारलें, तर पुष्कळ जण विली मेजकडे बोट दाखवितील. त्याचे 660 होम रन, बारा गोल्ड ग्लोव्ह, आणि 1954 च्या जागतिक मालिकेंत मैदानाच्या टोकाकडे पाठमोरा धांवत जाऊन त्यानें घेतलेला झेल, ह्या गोष्टी तेथील मुलांना तोंडपाठ असतात. कोणी म्हणेल, बेब रूथचें काय ? 714 होम रन मारणारा हा माणूस प्रथम चेंडू टाकणारा पिचर होता, आणि त्या नात्यानेंही त्यानें 94 सामने जिंकून दिले. कोणी जपानच्या शोहेई ओतानीचें नांव घेईल. 2024 च्या हंगामांत 54 होम रन आणि 59 चोरलेले बेस असा पराक्रम त्यानें केला. पन्नास-पन्नासची जोड एका हंगामांत त्यापूर्वीं कोणालाही साधली नव्हती. तो पिचरही आहे. पण चेंडू टाकावयाचा नसतो, तेव्हां तो क्षेत्ररक्षणास बहुधा उभाच राहत नाहीं. मग पांच अंगांतलें एक अंग कोठें गेलें, असा आक्षेप लगेच निघतो.

येथपर्यंतचा वाद गंमतीचा आहे. परंतु ह्या वादांत, ज्यांचीं नांवें फार दिवस शेगडीपर्यंत पोंचलींच नाहींत, असे कांहीं खेळाडू होते. त्यांत सर्वांत पुढें उभा राहतो जॉन हेन्री लॉइड.

लॉइडचा जन्म 1884 सालीं फ्लॉरिडा प्रांतांत झाला. तो कृष्णवर्णीय होता. योग असा, कीं त्याच 1884 सालीं टोलेडोच्या संघांतून मोझेस फ्लीटवुड वॉकर आणि त्याचा भाऊ हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू त्या काळच्या एका मोठ्या लीगमध्यें खेळले. आणि त्यानंतर तें दार बंद झालें, तें 1947 पर्यंत उघडलें नाहीं. कोणत्याही नियमांच्या पुस्तकांत ही बंदी लिहिलेली नव्हती. संघांच्या मालकांनीं ती आपापसांत पाळली, इतकेंच. लिहिलेला नियम निदान खोडतां तरी येतो. न लिहिलेला नियम खोडण्यासाठीं कोणाचा हात धरावा?

मग लॉइडसारख्यांनीं आपला खेळ दुसरीकडे मांडला. फिलाडेल्फिया, शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांतील कृष्णवर्णीयांच्या संघांतून तो खेळे. एक संघ मोडला, कीं दुसऱ्यांत जाई. आणि हिवाळ्यांत क्यूबा बेटावर जाऊन खेळे. उंच, शांत, शिवी न देणारा हा शॉर्टस्टॉप चेंडू उचलतांना हातांत मातीही उचली. म्हणून क्यूबाच्या लोकांनीं त्याचें नांव 'कुचारा', म्हणजे चमचा, असें ठेवलें. मूठभर मातीची हीच गोष्ट वॅग्नरबद्दलही सांगत असत, हें श्रोत्यांच्या लक्षांत असेलच. लोक लॉइडला 'काळा वॅग्नर' म्हणूं लागले. हें वॅग्नरच्या कानीं गेलें, तेव्हां ह्या तुलनेंत आपलाच मान आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढल्याचें सांगतात. 1910 च्या अखेरीस डेट्रॉइटचा संघ हवाना शहरीं खेळावयास गेला, आणि मागाहून टाय कॉबही तेथें पोंचला. त्या थोड्याशा सामन्यांत लॉइडची फलंदाजी कॉबहून सरस ठरली. एक वर्षापूर्वीं त्याच कॉबवर वॅग्नरनें मात केली होती, ती अमेरिकेच्या साऱ्या वर्तमानपत्रांनीं गाजविली. हवानाची मात थोड्यांच्याच स्मरणांत राहिली.

क्यूबाचाच मार्टिन दिहीगो हा दुसरा. तो मैदानावरील जवळजवळ प्रत्येक जागीं उत्तम खेळे, आणि पिचरही तेवढाच नांवाजलेला होता. 1938 सालीं मेक्सिकोच्या लीगमध्यें फलंदाजींत आणि चेंडू टाकण्यांत, अशा दोहींत त्यानें पहिला क्रमांक मिळविला. अष्टपैलू ह्या शब्दाला ह्याहून अधिक लायक कोण असेल ? पण रूथची गोष्ट जगभर झाली, दिहीगोची झाली नाहीं. लॉइड आणि दिहीगो ह्या दोघांचीही निवड कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत झाली ती 1977 सालीं. त्या वेळीं दोघेही हयात नव्हते.

15 एप्रिल 1947 रोजीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानांत उतरला, आणि तें बंद दार उघडलें. दोन वर्षांपूर्वीं हाच रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्स ह्या कृष्णवर्णीय संघाचा शॉर्टस्टॉप होता. पुढें त्याच मोनार्क्स संघांतून अर्नी बँक्स शिकागो कब्जकडे आला, आणि 1958 व 1959 अशीं लागोपाठ दोन वर्षें नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही शॉर्टस्टॉपच. दार उघडतांच एवढें धन आंत आलें. मग तें बंद असतांना बाहेर किती राहिलें असेल! रॉबिन्सन उतरला त्या दिवशीं लॉइडच्या वयाला त्रेसष्ट वर्षें पुरीं होण्यास दहाच दिवस उरले होते. आणि कृष्णवर्णीयांच्या लीगमधील विख्यात फलंदाज जॉश गिब्सन, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, तीन महिन्यांपूर्वींच मरण पावला होता.

ह्या अन्यायाची भरपाई करण्याचा कांहीं यत्न अलीकडे झाला आहे. अभ्यासकांनीं वर्षानुवर्षें खपून, जुन्या वर्तमानपत्रांतून, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांतून छापलेलीं धांवफलकांचीं कोष्टकें गोळा केलीं. 1920 ते 1948 ह्या काळांतील नीग्रो लीग ह्या मोठ्याच लीग होत, अशी मान्यता 2020 च्या डिसेंबरमध्यें अधिकृतपणें मिळाली, आणि 2024 च्या मे महिन्यांत 2,300 हून अधिक खेळाडूंचे आंकडे मुख्य वहींत दाखल झाले. एका दिवसांत इतिहासाची शिडी बदलली. सबंध कारकीर्दीच्या सरासरींत टाय कॉब हजारीं 367 घेऊन अनेक दशकें पहिला होता. त्याच्या वर आतां जॉश गिब्सन हजारीं 372 घेऊन उभा आहे. विली मेजनें 1948 सालीं बर्मिंगहॅमच्या ब्लॅक बॅरन्स संघाकडून मारलेले दहा फटकेही त्याच्या खात्यांत जमा झाले. हें घडलें तेव्हां मेज हयात होता. पुढच्याच महिन्यांत, 18 जून रोजीं, तो वारला.

ह्यावर आक्षेप घेणारेही आहेत. गिब्सनचे मोजलेले सामने कॉबच्या मानानें फार थोडे. मग दोघांना एका शिडीवर उभें करणें कितपत योग्य, असें ते विचारतात. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण सामने थोडे कां, ह्याचें उत्तरही आक्षेपकांनींच दिलें पाहिजे. आणि कॉबचे आंकडे तरी कसले ? त्यानें ज्या पिचरांचे चेंडू मारले, त्यांत आपल्या काळच्या कृष्णवर्णीय पिचरांपैकीं लीगच्या सामन्यांत एकही नव्हता. म्हणजे उणीव एका बाजूची नाहीं. ती दोन्ही पारड्यांत आहे.

तथापि ह्या सुधारलेल्या वहींतही लॉइडला पुरती जागा मिळत नाहीं, हें दुःख उरतेंच. वही उघडते 1920 सालीं, म्हणजे नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली तेव्हां. त्या वर्षीं लॉइड छत्तीस वर्षांचा होता. शॉर्टस्टॉपच्या जागीं छत्तिसावें वर्ष म्हणजे दिवस मावळतीला लागण्याची वेळ. हाच न्याय वॅग्नरला लावून पाहावा. 1910 सालीं वॅग्नर छत्तीस वर्षांचा झाला. त्यापूर्वींची त्याची सारी कारकीर्द वहींतून फाडून टाकली, तर त्याच्या आठ प्रथम क्रमांकांपैकीं 1911 चा एकच शिल्लक राहतो. 1909 ची ती मालिकाही जाते. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर वॅग्नरला आजवरचा श्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोणी म्हटलें असतें काय ? लॉइडला मात्र नेमक्या अशाच फाटक्या वहीवरून न्याय मागावा लागतो.

निवृत्त झाल्यावर लॉइड समुद्रकांठच्या अटलांटिक सिटी गांवीं राहिला. तेथें त्यानें टपाल कचेरींत आणि मग शाळेंत झाडलोटीचें व देखरेखीचें काम केलें. शाळेंतलीं मुलें त्याला लाडानें 'पॉप', म्हणजे बाबा, म्हणत. आणि तो त्यांना बेसबॉल शिकवी. 1949 सालीं त्या गांवानें एका क्रीडांगणाला त्याचें नांव दिलें. त्या मुलांपैकीं कितीकांना ठाऊक असेल, कीं आपल्या वर्गाचा केर काढणारा हा वृद्ध गृहस्थ एके काळीं टाय कॉबला भारी पडला होता ?

म्हणून, श्रेष्ठ शॉर्टस्टॉप कोण, ह्या प्रश्नाला वॅग्नर असें उत्तर देण्यास हरकत नाहीं. त्याच्या पराक्रमांत खोट नाहीं, आणि दार बंद करणारा तो नव्हता. पण तें उत्तर देतांना, ज्यांना मोजण्याची मुभा होती त्यांच्यांत तो पहिला, एवढें शेवटीं जोडलें पाहिजे. आणि त्याच दमांत लॉइडचें नांव घेतलें पाहिजे. शेगडीभोवतीं बसून वाद घालणाऱ्यांची करमणूक त्यानें कमी होणार नाहीं. मात्र शर्यतींत पहिला कोण आला, हें विचारण्यापूर्वीं शर्यतींत कोणाकोणाला उभें राहूं दिलें होतें, हें विचारण्याची संवय त्यांना लागेल. ही संवय बेसबॉलच्या मैदानाबाहेरही उपयोगी पडण्यासारखी आहे.